हॅलो, ऐकू येतंय का? मेसेजिंग ॲपसाठी व्हॉइस आणि व्हिडिओ कॉलचा इंटरफेस कसा डिझाइन करायचा

कॉल लागला की आपलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "हॅलो, ऐकू येतंय का?" आणि व्हिडिओ असेल तर त्याच्या पाठोपाठ "मी दिसतेय का? तुझा आवाज येत नाहीये गं, माइक बघ." कॉलचा इंटरफेस डिझाइन करायचा म्हणजे या प्रश्नांची उत्तरं स्क्रीनवर आणि कानात आधीच देऊन ठेवायची. मी आत्ता ऐकू जातोय का, मी दिसतोय का, समोरचा अजून लाइनवर आहे का, हे तीन प्रश्न कॉलच्या प्रत्येक सेकंदाला पडत असतात आणि तुमची स्क्रीन कितीही सुंदर असली तरी यातल्या एकाचं उत्तर देत नसेल तर ती अर्धवट आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. नवीन डिझायनर मंडळी बहुतेक वेळा मागे ब्लर केलेला फोटो, मधे गोल डीपी, खाली लाल बटण इथून सुरुवात करतात. ते शेवटी करा. आधी खालचं करा.

१. फिग्मा (डिझाइनचं सॉफ्टवेअर) उघडायच्या आधी कागदावर स्टेट, म्हणजे कॉलच्या अवस्था, लिहा

कॉल ही एक स्क्रीन नाहीये, ती दहा-बारा अवस्थांची साखळी आहे. कॉल लावला, समोरच्या फोनपर्यंत पोचला, रिंग वाजतेय, उचलला, आवाज जोडला जातोय, चालू आहे, होल्डवर आहे, नेट गेलं म्हणून परत जोडतोय, संपला. आणि संपला यातही कितीतरी प्रकार आहेत, समोरच्याने कट केला, उचललाच नाही, तो दुसऱ्या कॉलवर होता, नेट गेलं, किंवा त्याने तोच कॉल लॅपटॉपवर उचलला म्हणून फोनवरची रिंग थांबली. प्रत्येकाला वेगळं वाक्य लागतं, वेगळा आवाज लागतो, आणि पुढे काय करता येईल तेही वेगळं असतं.

"कॉल लावतोय" आणि "रिंग वाजतेय" या दोन अवस्था कृपा करून एकत्र करू नका. व्हॉट्सॲप वापरणाऱ्या कुणालाही विचारा, रिंगिंग आलं नाही म्हणजे समोरच्याचं नेट बंद आहे हे त्याला बरोबर कळतं आणि मग तो साधा फोन लावतो. ही माहिती फार कामाची आहे. तसंच टायमर. समोरच्याने उचललं त्या क्षणी टायमर सुरू करायचा मोह होतो पण उचलल्यानंतर दोन्ही फोनमध्ये आवाजाचा रस्ता तयार व्हायला थोडा वेळ लागतो, तेव्हा "जोडतोय" दाखवा आणि खरोखर आवाज यायला लागला की मग ००:०१. नाहीतर लोक टायमर चालू बघून रिकाम्या लाइनवर हॅलो हॅलो करत बसतात.

स्टेट नीट न लिहिल्यामुळे काय होऊ शकतं याचं मोठं उदाहरण जानेवारी २०१९ मधलं आहे. ॲपलच्या फेसटाइममध्ये कॉल लावून रिंग वाजत असतानाच स्वतःचाच नंबर ग्रुपमध्ये ॲड केला की समोरच्याने उचलायच्या आधीच त्याच्या माइकचा आवाज ऐकू यायला लागायचा. ॲपलला ग्रुप फेसटाइम तात्पुरतं बंदच करावं लागलं आणि फेब्रुवारीत अपडेट आला. म्हणून तुमच्या कागदावर सगळ्यात वर मोठ्या अक्षरात लिहा: स्वतः उचलल्याशिवाय माइक आणि कॅमेऱ्यातून काहीही बाहेर जाणार नाही. मग त्याच कागदावर विचित्र केसेस लिहा, दोघांनी एकाच वेळी एकमेकांना कॉल लावला तर (दोघांनाही बिझी दाखवू नका, दोन्ही मिळून एकच कॉल जोडा), ॲपचा कॉल चालू असताना सिमवरचा कॉल आला तर, बॅटरी संपली तर.

२. कॉलचं बटण कुठे

चॅटच्या वर उजवीकडे, व्हॉइस आणि व्हिडिओची दोन वेगळी बटणं, आणि दोघांमध्ये पुरेशी जागा. अँड्रॉइडच्या मटेरियल डिझाइन या नियमावलीत टच टार्गेट, म्हणजे बोटाने दाबायची जागा, किमान ४८ डीपी सांगितलीय, ॲपल ४४ पॉइंट सांगतं (डीपी आणि पॉइंट ही स्क्रीनवरची मापं), कॉलच्या बटणांना मी त्याहून थोडं मोठंच ठेवेन कारण व्हॉइसऐवजी चुकून व्हिडिओ लागला तर माणूस फार गडबडतो. एकाला कॉल करताना "नक्की करायचा का" असं विचारू नका, पण ग्रुपमध्ये मात्र विचाराच. साठ नातेवाइकांच्या ग्रुपमध्ये रात्री अकराला कुणाचा अंगठा लागला आणि साठही फोन वाजले तर दुसऱ्या दिवशी अर्धे लोक ग्रुप म्यूट करतील.

एक गोष्ट आपल्याकडची. काही डिझायनर सुचवतात की दोन-तीन सेकंदांत कट केलेला कॉल समोरच्याला दाखवूच नये, चुकून लागला असेल म्हणून. आपल्याकडे हे करू नका. "पोचलास की मिस कॉल दे" हा आपल्याकडे एक पूर्ण निरोप आहे, एकच रिंग देऊन कट केलेला कॉल हा कित्येकदा मुद्दाम दिलेला असतो, तो गिळून टाकायचा अधिकार ॲपला नाही.

३. येणारा कॉल

इथे नवीन लोकांना धक्का बसतो कारण यातला बराच भाग तुमच्या हातातच नसतो. आयफोनवर २०१६ मध्ये आयओएस १० बरोबर कॉलकिट (ॲपचे कॉल फोनच्या सिस्टिमला जोडून देणारी ॲपलची सोय) आलं, त्यामुळे तुमच्या ॲपचा कॉल फोनच्या स्वतःच्या कॉलसारखाच दिसतो, आणि आयओएस १३ पासून तर नियमच आहे की कॉलसाठीचा व्हॉइप पुश (इंटरनेट कॉल आलाय हे ॲपला सांगणारा सिस्टिमचा संदेश) आला की लगेच कॉलकिटला कळवायचं, नाही कळवलं तर सिस्टिम ॲप बंद करते. म्हणजे येणाऱ्या कॉलची स्क्रीन तिथे ॲपलची, तुमचं काय तर नाव, छोटा आयकॉन आणि रिंगटोन. म्हणून आठवडाभर बसून आयफोनसाठी लॉक स्क्रीनवरची सुंदर इनकमिंग स्क्रीन बनवू नका, आधी डेव्हलपरशी बोला.

अँड्रॉइडवर मोकळीक जास्त आहे आणि त्याबरोबर अडचणी पण जास्त. अँड्रॉइड १२ मध्ये कॉलसाठी खास नोटिफिकेशनची स्टाइल आली, उचला आणि नकार ही बटणं त्यात ठळक येतात, ती वापरा. फोन लॉक असताना पूर्ण स्क्रीन उघडायची परवानगी अँड्रॉइड १४ पासून मुख्यतः कॉल आणि अलार्मच्या ॲप्सपुरतीच ठेवलीय. आणि अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनची परवानगी वेगळी मागावी लागते, वापरणाऱ्याने ती नाकारली तर त्याला कॉल आलेला कळणार नाही याची पूर्ण शक्यता असते. त्यामुळे ही परवानगी ॲप उघडल्या उघडल्या नुसती समोर फेकू नका, आधी एका वाक्यात सांगा की ही दिली नाही तर कॉल वाजणार नाही. माइकचंही तसंच. पहिल्यांदा कॉल आलाय, बिचाऱ्याने उचलला, आणि आता सिस्टिमचा डबा विचारतोय की माइक वापरू का, तिकडे समोरचा हॅलो हॅलो करतोय. निदान माइकची परवानगी तरी पहिला कॉल यायच्या आधी कुठेतरी घेऊन ठेवा, व्हॉइस मेसेज पाठवताना घेतली असेल तर उत्तमच.

उचलायची पद्धत बघा. आयफोन लॉक असेल तर सरकवून उचलायचा आणि उघडा असेल तर दोन बटणं, याचं कारण सरळ आहे, लॉक असलेला फोन खिशात किंवा पर्समध्ये असतो आणि तिथे नुसत्या स्पर्शाने कॉल उचलला जाऊ नये. अँड्रॉइडवर तुम्हीही हाच विचार ठेवा. लाल आणि हिरवा एवढ्यावर विसंबू नका, ज्यांना लाल-हिरवा वेगळा ओळखू येत नाही त्यांच्यासाठी रिसीव्हरचा आकार वेगळा हवा आणि खाली शब्द हवा. शब्द साधे ठेवा, "उचला" आणि "कट करा", घरात सगळे हेच म्हणतात.

व्हिडिओ कॉल येतो तेव्हा तिसरा पर्याय हवाच हवा: कॅमेरा बंद ठेवून उचला. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. समोरच्याला व्हिडिओवर बोलायचंय म्हणून मी घरात जशी आहे तशी दिसलंच पाहिजे ही सक्ती कुठल्याही ॲपने करू नये, आणि जिथे स्क्रीन तुमच्या हातात आहे तिथे हा पर्याय मेनूत लपवलेला नको, उचला बटणाच्या शेजारी हवा. उचलायच्या आधी स्वतःचा चेहरा दाखवत असाल तर त्यावर "हे फक्त तुम्हाला दिसतंय" असं लिहा, नाहीतर लोक दचकतात. अनोळखी नंबरसाठी रिंग न वाजवता नुसतं यादीत दाखवायची सोय द्या, व्हॉट्सॲपने २०२३ मध्ये दिली.

४. मराठीत लिहिताना

वाक्यं इंग्रजीत लिहून मग मराठी करायला दिली की हमखास फसतं. "अमुक तुम्हाला कॉल करत आहे" असं लिहिलं की पुढे करतोय, करतेय की करतायत हा प्रश्न येतो आणि ॲपला तर माहितीच नसतं समोर आई आहे की काका. नावाला "चा" जोडायला गेलात तर दूधवाला सेव्ह केलेल्या माणसाचा "दूधवालाचा कॉल" होतो. सोपा मार्ग असा की नाव एका ओळीत एकटं, मोठं, आणि खालच्या ओळीत "व्हिडिओ कॉल येतोय". येतोय हे कॉलला लागतं, माणसाला नाही, सगळे प्रश्न मिटले. आणखी एक, देवनागरीला वर वेलांटी, रफार आणि खाली उकार असतात, इंग्रजीसाठी ठरवलेल्या लाइन हाइटमध्ये (ओळीच्या उंचीत) ते कापले जातात, म्हणून डिझाइन करतानाच "कुर्डुवाडीचे शौर्य काका" सारखं नाव टाकून बघा आणि फोनचा फॉन्ट सगळ्यात मोठा करून पण बघा.

५. चालू कॉल

व्हॉइस कॉलमध्ये बटणं कमी ठेवा. स्पीकर, माइक, कट, आणि फार तर व्हिडिओ चालू करायचं एक. कट करायचं बटण बाकीच्यांपासून लांब, अंगठा सहज पोचेल असं. फोन कानाला लावला की प्रॉक्सिमिटी सेन्सरने (काहीतरी जवळ आलंय हे ओळखणाऱ्या सेन्सरने) स्क्रीन बंद व्हायला हवी, नाहीतर गालाने म्यूट होतो.

म्यूटचं बटण दिसायला सगळ्यात सोपं आणि चुकायला पण सगळ्यात सोपं. आयकॉनवर रेघ आहे म्हणजे माइक बंद आहे, की दाबला तर बंद होईल? यावर एकच नियम करा आणि पूर्ण ॲपमध्ये पाळा: बटण आत्ताची स्थिती दाखवेल. माइक बंद असेल तर रेघ, भरलेली पार्श्वभूमी आणि खाली "माइक बंद" असं तिन्ही. माणूस माइक बंद ठेवून बोलायला लागला तर ते ॲपला कळू शकतं, तेव्हा लगेच छोटी सूचना द्या. आणि समोरच्याचा माइक बंद असेल तर तेही मला दाखवा, म्हणजे मी माझा फोन आपटत बसणार नाही.

आवाज कुठून येतोय हा दुसरा मोठा घोळ. कानाचा स्पीकर, मोठा स्पीकर, वायरचा हेडफोन, ब्लूटूथ. दोनच पर्याय असतील तर साधं टॉगल चालेल, त्याहून जास्त असतील तर बटण दाबल्यावर यादी उघडा आणि त्यात त्या हेडफोनचं नाव लिहा, आत्ता जे चालू आहे त्याच्यापुढे टिक. आता समजा एसटीत बसलेल्या बाईचा ब्लूटूथ मधेच बंद पडला, आवाज कुठे गेला पाहिजे? कानाच्या स्पीकरवर. मोठ्या स्पीकरवर गेला तर तिच्या घरचं बोलणं अख्ख्या गाडीला ऐकू जाईल. व्हिडिओ कॉलमध्ये फोन हातात धरलेला असतो म्हणून तिथे मोठा स्पीकर ठीक आहे, पण हेडफोन लावलेला असेल तर पहिला मान त्याचा.

आणि हे बहुतेक गाइडमध्ये नसतं म्हणून ठासून सांगते, व्हॉइस कॉलमध्ये फोन कानाला असतो, स्क्रीन काळी असते, म्हणजे तुमची अर्धी डिझाइन कुणी बघतच नाहीये. रिंग जातेय त्याचा टोन, बिझीचा टोन, नेट गेल्याचा टोन, परत जोडल्याचा टोन, कॉल संपल्याचा टोन हे सगळं ऐकून वेगळं ओळखू यायला हवं. तुमच्या डिझाइन फाइलमध्ये प्रत्येक स्टेटच्या खाली एक ओळ ठेवा, "कानात काय ऐकू येईल", आणि ती रिकामी सोडू नका.

मेसेजिंग ॲप असल्यामुळे माणूस कॉल चालू असतानाच चॅटमध्ये जाणार, लोकेशन पाठवणार, बिलाचा फोटो शोधणार. तेव्हा वर एक पट्टी राहू द्या, त्यात नाव, टायमर, माइकची स्थिती, दाबलं की परत कॉलवर. ही पट्टी ॲपच्या प्रत्येक स्क्रीनवर हवी, सेटिंगमध्ये सुद्धा. व्हिडिओ असेल तर छोटी तरंगती खिडकी, फोनवर ही सोय अँड्रॉइड ८ पासून आहे.

६. नेट खराब होणार आहे, हे धरूनच चाला

थोडं गणित करू. आवाजासाठी बहुतेक ठिकाणी ओपस कोडेक (आवाज दाबून लहान करून पाठवायची पद्धत) वापरतात, तो ६ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) पासून ५१० केबीपीएस पर्यंत चालतो. समजा २४ केबीपीएसवर ठेवला, सेकंदाला ५० पॅकेट आणि प्रत्येक पॅकेटला साधारण ४० बाइटचा हेडर (पाकिटावरच्या पत्त्यासारखी माहिती), म्हणजे आणखी १६ केबीपीएस, एकूण ४० केबीपीएस, मिनिटाला एका बाजूने ३०० केबी. व्हिडिओ अगदी ५०० केबीपीएसचा धरला तरी एका बाजूने मिनिटाला पावणेचार एमबी, जाणं-येणं मिळून साडेसात. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये हे साधारण दोनशे मिनिटं होतं. म्हणून कमी डेटाचा पर्याय सेटिंगच्या तळाशी न ठेवता कॉलमध्येच हाताशी द्या.

नेट कमी झालं की आधी चित्राची क्वालिटी कमी, मग चित्र बंद, आवाज शेवटपर्यंत टिकवा. चित्र बंद केलं तर सांगा, "नेट कमी आहे म्हणून व्हिडिओ थांबवलाय". समोरच्याने कॅमेरा स्वतः बंद केला आणि नेटमुळे चित्र अडकलं या दोन गोष्टी वेगळ्या दिसल्या पाहिजेत, अडकलेला चेहरा तसाच ठेवला तर माणसाला वाटतं समोरचा ऐकतोय. आणि नेट कुणाचं खराब आहे ते सांगा, माझं असेल तर मी खिडकीपाशी जाईन, तुझं असेल तर मी गप्प थांबेन. उशिराचं पण बघा, आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीनुसार आवाज एका बाजूने दुसऱ्या बाजूला १५० मिलीसेकंदांच्या आत पोचला तर बोलणं सहज होतं, ४०० च्या वर गेला की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतात. हे आकडे इंजिनिअरचे वाटतील पण "आवाज उशिरा पोचतोय" ही सूचना कधी दाखवायची हे ठरवताना तुम्हालाच लागतील.

"परत जोडतोय" किती वेळ दाखवायचं? एखाद सेकंदाच्या अडखळण्याला काहीच दाखवू नका, स्क्रीन लुकलुकत राहते. दोन-तीन सेकंद झाले की दाखवा, टोन द्या. खंडाळ्याच्या घाटातले छोटे बोगदे काही सेकंदांत संपतात, तिथे कॉल टिकला पाहिजे. कोकण रेल्वेवर रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, तिथे रेंज गेली तर कुणीही थांबू शकत नाही. मी अर्ध्या मिनिटाची मर्यादा ठेवेन, मग कॉल बंद, आणि दोन्हीकडे स्पष्ट "नेट गेल्यामुळे कॉल कट झाला", म्हणजे रागाने फोन ठेवला असं कुणाला वाटणार नाही.

७. व्हिडिओचं थोडं

स्वतःचं चित्र स्वतःला आरशासारखं उलटं दाखवा, समोरच्याला सरळ जाऊ द्या, आणि मागचा कॅमेरा लावला की उलटं करणं बंद. छोटी खिडकी कोपऱ्यात, हलवता येईल अशी. बटणं काही सेकंदांनी लपली तरी माइक-कॅमेऱ्याची स्थिती लपवू नका, आणि टॉकबॅक (अंधांसाठी स्क्रीन वाचून दाखवणारी अँड्रॉइडची सोय) चालू असेल तर काहीच लपवू नका. व्हॉइसवरून व्हिडिओवर जाताना समोरच्याला विचारा, त्याचा कॅमेरा आपोआप कधीही चालू होता कामा नये.

सांकेतिक भाषेत बोलणारे लोक तुमच्या व्हिडिओ कॉलचे सगळ्यात मनापासून वापरणारे लोक असतात. त्यांच्यासाठी चित्र थोडं धूसर चालेल पण अडखळलेलं नाही, कारण हाताची हालचाल तुटली की शब्दच तुटतो. चौकट भरायच्या नादात कडेचे हात कापू नका. आणि ग्रुपमध्ये आवाजावरून "बोलणारा" ओळखून त्याला मोठं करत असाल तर यांना कुणीच मोठं करणार नाही, म्हणून एखाद्याला हाताने पिन करायची, म्हणजे मोठं करून तसंच ठेवायची, सोय द्या.

८. ग्रुप कॉल

व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये चार जणांपासून सुरुवात केली, २०२० मध्ये आठ, २०२२ मध्ये व्हॉइससाठी ३२. तुम्हीही लहान सुरुवात करा. आठ जण एकमेकांना थेट जोडले तर प्रत्येकाच्या फोनला आपलं चित्र सात वेळा पाठवावं लागतं, फोन तापतो, म्हणून मधे सर्व्हर लागतो, हे डेव्हलपरला विचारूनच किती चौकोन दाखवायचे ते ठरवा. फोनवर सहा-आठ चौकोनांच्या पुढे चेहरे ओळखू येत नाहीत. बोलणारा बदलला की चौकोनांच्या जागा सारख्या बदलू नका, नुसती कडेला रेघ उजळा. उशिरा आलेल्याला चालू कॉलमध्ये शिरायचं बटण चॅटमध्येच द्या.

९. कॉल संपल्यावर आणि टेस्टिंग

चॅटमध्ये एक ओळ राहते: कुठला कॉल, किती वेळ, का संपला, आणि परत लावायचं बटण. कॉल कसा होता हे तारे देऊन प्रत्येक वेळी विचारू नका, खरोखर खराब गेला असेल तेव्हाच विचारा आणि "आवाज तुटत होता", "चित्र अडकलं" असे तयार पर्याय द्या.

प्रोटोटाइपवर, म्हणजे नुसत्या नमुना स्क्रीनवर, कॉलची टेस्ट होत नाही, हे मान्य करा. दोन खरे फोन घ्या, त्यातला एक स्वस्तातला, दोन वेगळ्या खोल्यांत दोन माणसं बसवा. कोड अजून नसेल तर जित्सी हे व्हिडिओ मीटिंगचं ॲप फुकट आणि ओपन सोर्स आहे, त्यावर कॉल जोडून चालू कॉलच्या स्टेट बघत आपल्या कागदाशी ताडून बघा. मग एखाद्या काकूंना फोन लॉक करून द्या आणि काहीही न शिकवता कॉल उचलायला, स्पीकर लावायला, माइक बंद करायला सांगा, कुठे अंगठा थांबतो ते लिहून ठेवा. कॉल चालू असताना वायफायवरून मोबाइल डेटावर जा, ब्लूटूथ बंद करा, सिमवर दुसरा कॉल करा, एका फोनचा एअरप्लेन मोड चालू करा आणि दुसरा फोन कानालाच ठेवून, स्क्रीनकडे न बघता, काय झालं ते सांगता येतंय का बघा.